उटी

देवाला उटी लावणारे दोघे आमच्या तिरुवेळंगुडीत.
गुरुक्कळ लावतात चंदनाची, पहाटे, गाभाऱ्याचं दार लोटून.
मी लावतो चिंचेच्या लाकडाची,
भर उन्हात, रथाच्या चाकाखाली.
त्यांच्या उटीनं देव निवतो.
माझ्या उटीनं थांबतो.

वर्षभर मरुदमुत्तूला कोण विचारतं?
केळीला पाणी देतो, नाक्यावर उधारीचा चहा पितो.
पण चित्रै महिना लागला की
चाळीस गावांची माणसं निघतात अनवाणी,
हळदीत बुडवलेली धोतरं नेसून,
वेन्नारच्या कोरड्या पात्रातून,
कुणाच्या खांद्यावर जावळाचं लेकरू,
कुणाच्या डोईवर पहिल्या वेताच्या गाईचं तूप.
पूर्व गल्लीत ताक, दक्षिण गल्लीत गुळा-सुंठीचं पानकम,
आणि देवळाभोवतीच्या चारी रस्त्यांवर
नुसते पाय.
मग कुणीतरी दारात येऊन म्हणतं,
मामा, लाकडं काढलीत का?

दोर मांडीएवढा, काथ्याचा.
त्याला नुसता हात लागला तरी वर्ष पावलं म्हणतात.
ओढायचं सगळ्यांनाच असतं.
थांबवायचं कुणालाच नसतं.

उटी ठेवायची नसते, टाकायची असते.
चाकाकडे बघून नव्हे, चाक ऐकून.
कण्हलं तर अर्धी, किंचाळलं तर पुरती.
वेळेवर काढला तर हात आपला,
नाहीतर देवाचा.
माझ्या बापानं नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर
दोन बोटं अशीच दिली.
शोधलीसुद्धा नाहीत.
जेवताना तेवढा भात सांडायचा,
तो कोंबड्यांना.

यंदा माझे गुडघे बसले ते उठेनात.
थोरला सिंगापुरात जहाजं रंगवतो,
रथ फोनवर बघतो आणि हात जोडतो.
विश्वस्त म्हणाले, पुढच्या साली लोखंडी ब्रेक बसवू,
यंदाचं कसंतरी निभवा.
धाकटी वडिवु तिरुप्पूरहून आलेली,
बनियनच्या कारखान्यातली तीन दिवसांची रजा.
काही बोलली नाही.
पदर खोचला, दोन उट्या उचलल्या,
वजन जोखलं, तिसरी घेतली.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर रथ
दरसालसारखा शेंदामरैच्या ओसरीकडे कलला.
ओसरीवर माणसं, माणसांवर माणसं.
ढोल एकदम गप्प.
अगं पोरी, असं कुणीतरी म्हणेपर्यंत
ती चाकापाशी वाकलेली होती.
मी डोळे मिटले नाहीत. कान मिटले असते, मिटता आले असते तर.
सुईखाली कापड सरकवावं
तशी तिनं उटी सरकवली
आणि बोटं काढून घेतली.
चाक किंचाळलं, लाकूड धुरकटलं,
पाच मजली देवानं ओसरीकडे एकदा पाहिलं
आणि मान वळवली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
दोरावरच्यांना कळलंच नाही देव का वळला.
ते पुढे ओढत राहिले, पुढे बघत.

दिवेलागणीला रथ जागेवर आला.
वाटेत पडलेल्या ढलप्या बायकांनी वेचल्या,
पाळण्याला बांधायला.
गुरुक्कळांनी केळीच्या तुकड्यावर चंदन दिलं.
कपाळाला लावेल असं वाटलं मला,
तिनं ते सोललेल्या तळव्याला चोपडलं
आणि फुंकर घातली.

मंगळवारच्या बसनं गेली.
पिशवीत चिंचभाताचा डबा, आणि तडकलेली एक उटी.
म्हटलं, ही कशाला?
म्हणाली, खोलीचं दार
रात्री वाऱ्यानं आपटतं, अप्पा.