बारशाआधी

तीन वाजून दहा मिनिटांनी झाला.
दांडिया बाजारातल्या साऱ्या गच्च्या ओरडत होत्या, 'ए लपेट!'
डॉक्टरबाई तशाच वरून उतरल्या,
बोटाला मांजासाठीची चिकटपट्टी,
तिच्यावरच हातमोजा.

हंसाबेन म्हणाल्या, 'उत्तरायण ज राखो ने!'
दीर म्हणाला, नुसतं उत्तर ठेवू.
आणि शाळेत पोरं विचारतील,
प्रश्न कुठाय तुझा?

सासरे पेपराआडून:
सणाचं नाव नको.
आपल्यात संक्रांत कुणावर तरी येते.
त्यांचं स्वतःचं नाव विजय, जन्म दसऱ्याचा,
घराच्या हद्दीचे तिन्ही दावे हरलेले.

वन्सं कानाशी लागल्या: मकरंद.
मकर आहे त्यात,
पण मधाच्या बाजूने.
कुणाला कळायचंही नाही.

रात्री सगळे गेल्यावर
मी एकेक नाव हळू आवाजात लावून पाहिलं.
उत्तरला तो शिंकला.
मकरंदला जांभई.
खिडकीच्या गजात कुणाचा तरी
जांभळा पतंग अडकलेला,
फाटका, तरी फडफडत.

त्याला अजून काहीच म्हणत नाहीत,
आणि तो दूध पितो, झोपतो, रडतो
अगदी व्यवस्थित.

बारा दिवस आहेत.
तोवर ढील.