उंची

आमच्या लेडव्हिलला उंचीचा भारी अभिमान.
वेशीवरच्या पाटीवरची लोकसंख्या कुणी वाचत नाही,
दहा हजार फूट तेवढं वाचतात
आणि पाटीला टेकून फोटो काढतात.

डेल्फिना शाळेच्या पायऱ्यांवर कोसळली
तेव्हा मी खिंडीत बर्फ लोटत होतो.
वायरलेसवर वेंडेल म्हणाला, ट्रक तिथेच सोड, खाली ये.
तिचे ओठ जांभळे. थंडीने,
असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर झाड काढलं:
हृदयातून निघणारं खोड, फुप्फुसात पसरलेल्या फांद्या.
मग पेन्सिलीने एकेक फांदी आतून जाड करत नेली,
मधली पांढरी वाट दिसेनाशी होईतो.
मला लगेच कळलं. बावीस हिवाळे हाच माझा धंदा.
कडेचा बर्फ रस्त्यात सरकत येतो,
दोन गाड्यांपुरता, मग एका,
मग नुसता अंदाज.
फक्त इथे फाळ लावता येत नव्हता.

आधी उंचीवरून उतरा, त्या म्हणाल्या.
उतरलो. सेंट लुइस. भाड्याच्या दोन खोल्या,
हवा अशी की रोसाल्बाला ओली गोधडी पांघरल्यासारखं व्हायचं.

डेल्फिनाच्या पाठीला दप्तर, दप्तरात पंप,
पंपातून नळी थेट काळजाशी.
औषध रक्तात मिनिटांपुरतं टिकतं,
म्हणून पंप थांबायचा नाही,
झोपेत नाही, रुसून बसल्यावरही नाही.
रात्री स्वयंपाकाच्या टेबलावर रोसाल्बा ते कालवायची.
ओठ हलायचे. प्रार्थना नव्हे,
मिलिलिटर मोजत असायची.

यादीत नाव घालताना रक्तगट विचारला. आणि उंची.
एकशे एकोणीस सेंटिमीटर.
फुप्फुसं बरगड्यांच्या मापाची लागतात.
म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीची रेघ आहे, एकशे एकोणीसच्या आसपास.

इथवर आलो की मी उठून भांडी घासायचो.

रोसाल्बा मेणबत्ती लावायची, काय मागितलं ते न सांगता.
मला तर मागताच येईना.
मी रस्त्यावर मीठ टाकणारा माणूस,
शाळेची बस घसरू नये म्हणून पहाटे तीनला उठणारा.

फेब्रुवारीत एका रात्री पाऊस पडता पडता गोठला.
शहरभर काच.
फोन उशाशी, मी जागा.
शेवटी फडताळातला मिठाचा डबा घेतला
आणि सपाता घालूनच खाली गेलो.
पायऱ्या. पार्किंग. कोपऱ्यापर्यंतचा पदपथ.
मूठ मूठ टाकत गेलो.
एका मुठीला हात थबकला,
का थबकला ते मला ठाऊक आहे.
ती मूठही टाकली.

फोन त्या रात्री आला नाही.
आला मार्चमध्ये. तिला गाऊन चढवला, सही घेतली,
आणि पहाटे परत पाठवलं: ती फुप्फुसं चांगली नव्हती.
वाटेत तिने पॅनकेक मागितले. तीन खाल्ले.

मग जूनमध्ये आला,
कोरड्या, लख्ख दिवशी, रस्ते ठणठणीत असताना.
कुठून, कसं, ते कुणी सांगत नाही.
मी विचारलं नाही.

अजून झोपेतून उठताना तिचा हात
दप्तर चाचपायला पाठीमागे जातो
आणि काहीच न सापडून परत येतो.
ओठांचा रंग, काय सांगू,
मी नवीन माणूस बघावं तसा बघत बसतो.

पत्र लिहायला सांगितलंय, त्या घराला, नाव न घालता.
चार महिने कागद कोराच आहे.

काल तिला चौकटीला उभी केली. एकशे बावीस.
घरमालक ओरडेल, तरी रेघ मारली.
पेन्सिल ठेववेना.
तिच्या जुन्या रेघेशेजारी आणखी एक मारली, बारीक.
"हे कोण?"
"तुझ्याएवढंच एक पोर."
तिने वाकून पाहिलं. मोजण्याच्या बाबतीत ती फार कडक आहे.
"बूट काढले होते का त्याने?"
"हो," मी म्हणालो. "काढले होते."