एकटं घालू नये

गावाबाहेर, धान्याच्या बंद पडलेल्या एलेव्हेटरमागे
गवताचं गोदाम आहे. भिंती तीनच.
चौथ्या बाजूनं साउथ डकोटा आत येतो
आणि धूळ होऊन वहीवर बसतो.

नियम पत्र्यावर खडूनं लिहिलेत:
बऱ्या वर्षी दहातला एक भारा इथं.
वाईट वर्षी लागेल तेवढं न्या.
फेडायची तारीख कुणी घातलेली नाही.

आमच्याकडे उसनं पीठ सपाट मापानं आणायचे
आणि परत देताना शिगेनं,
हे मी कॉर्डेलला सांगितलं होतं.
त्यानं टोपी मागं सारली, शीग म्हणजे किती?
हातानं दाखवली.
"हां," म्हणाला. "तेवढीच."

यंदा ओट गुडघ्याला यायच्या आधी करपला.

आर्डिस हॉफलंड आज अकरा गुंडाळ्या घेऊन आली,
वय एक्याऐंशी, ट्रेलर स्वतः ओढत.
गाई तिनं ऑगस्टात विकल्या.
मग हा चारा?
"कापला तेव्हा होत्या."

माझं काम लहान. देठ उभा चिरायचा,
पेरावर एक थेंब टाकायचा, थांबायचं.
तहानलेलं पीक जमिनीतून नको ते ओढतं
आणि देठात दाबून ठेवतं.
गाय सकाळी खाते, दुपारी आडवी होते,
रक्त चॉकलेटी.

थेंब निळा झाला.
दुसऱ्या गुंडाळीचा. तिसऱ्या.
अकराव्यापर्यंत मी उगाच आशेनं चिरत राहिले.

ती पायरीवर हातमोजे काढून बसली होती.
मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली,
"मागच्या सालचं गवत शिल्लक आहे ना?
त्यात मिसळा. तीनाला एक."
मी पाठकोऱ्या पावतीवर हिशेब केला.
पाचाला एक, म्हटलं. आणि उपाशी जनावराला नाही.
"पाचाला एक," ती म्हणाली,
बाजारात शेवटचा भाव मान्य करावा तशी.

गुंडाळ्यांना लाल फिती बांधल्या.
वहीत नाव, वजन. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
एकटं घालू नये.
तिनं वाकून पाहिलं. ही कुठली अक्षरं?
अर्थ सांगितला.
बराच वेळ बघत राहिली, मग,
"इंग्रजीतही लिही. नाहीतर कॉर्डेल घालेल."

गेली. फाटकाशी दिवे पुन्हा लागले, थांबली,
ट्रेलरच्या फळ्यांवरचा काडीकचरा
झाडून पोत्यात भरला, पायी परत आणला.
"हे वजनात धरू नकोस," म्हणाली.