तीन आठवडे हिरवं

पाटोवरच्या सहाव्या मजल्यावर
माझं काम असं आहे की
माझ्या हातून काहीच बनत नाही.
कोड रुद्रेश लिहितो, तपासते डेल्मा,
सर्व्हर कोइंबतूरचा कुणी मुरुगेशन सांभाळतो,
त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, फक्त खोकला ओळखते.
मी विचारते, "कधी?"
दिवसातून चाळीस वेळा,
कुणाला दुखणार नाही इतक्या हळू
आणि कुणी विसरणार नाही इतक्या स्पष्ट.

बाबांनी एकदा चहा बशीत ओतताना विचारलं होतं,
"म्हणजे तू मुकादम?"
म्हटलं, मुकादमाला माणूस कामावरून काढता येतो.
माझ्या हाताखाली कुणीच नाही.
"मग ऐकतात कशाला तुझं?"
याचं उत्तर मुलाखतीत मी फार छान दिलं होतं.
बाबांपुढे आठवलं नाही.

ऐकतात ते बहुतेक यासाठी की
डेल्माच्या आईचं डायलिसिस मंगळवारी असतं
आणि मंगळवारी मी तिच्याकडे काही मागत नाही.
रुद्रेश "होईल" म्हणाला की होतं.
"होऊन जाईल" म्हणाला की होत नाही.
हे कुठल्याच सर्टिफिकेटात नव्हतं.

आज पँट्रीत कप विसळता विसळता डेल्मा म्हणाली,
"ऐक, त्या इस्पितळांच्या जुन्या नोंदी.
ॲलर्जीचा रकाना
हजारात अकरा जणांचा रिकामा उतरतोय."
पाणी वाहत राहिलं. नळ मीच बंद केला.

मला ठाऊक होतं.
ठाऊक म्हणजे, रुद्रेश तीन आठवडे "होऊन जाईल" म्हणत होता
आणि तीन आठवडे मी तक्त्यातली ती ओळ हिरवी ठेवली होती,
कारण वरच्यांना हिरवं आवडतं,
कारण अप्रेझल,
कारण एक लाल चौकोन दिसला
की आठ माणसं प्रश्न विचारतात
आणि त्यांतल्या सहांना उत्तर नको असतं.

साडेचारच्या बैठकीत मी ती लाल केली.
पडद्यावर, सगळ्यांदेखत.
"कुणामुळे?" पलीकडून आलं.
रुद्रेश टेबलावरचा पेन बघत बसला.
म्हटलं, "दिसलं मला, आणि मी लिहिलं नाही."
मग शांतता.
तिच्यात फक्त मुरुगेशन खोकला.
त्या खोकल्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी राहीन.

तारीख पंधरा दिवस पुढे गेली.
माझं काय ते सोमवारी कळेल.

रायबंदरहून चोडणला फेरी निघाली
आणि फोन खिशात थरथरत राहिला,
पलीकडचा धक्का येईपर्यंत.

बाबा पायरीवर बसले होते, कोयता पुसत.
एकोणतीस वर्षं त्यांनी गावची मानस राखली.
पाणी त्यांचं नव्हतं, भात त्यांचं नव्हतं,
जाळ्यात आलेली सुंगटं तेवढी अधूनमधून.
"तुमच्यात तारीख ठरवतो कोण?"
"क्लायंट."
"आणि चुकली की?"
"ओरडतो."
ते हसले. "आमची चंद्र ठरवायचा.
तो ओरडत नाही."

मग बऱ्याच वेळानं, कोयत्याकडे बघत,
"एका पुनवेला फळी लावायची राहिली माझ्याकडून.
झोप लागली.
कायतानच्या शेतात खारं पाणी शिरलं,
तीन वर्षं काही पिकलं नाही तिथे."
"मग?"
"मग काय. सकाळी गेलो सांगायला."
"आणि तो?"
"पेज वाढली त्यानं. बोलला नाही.
वर्षभर बोलला नाही."

आता मानशीला माट्टीच्या फळ्या नाहीत,
कुणीतरी सिमेंट ओतून गेलंय.
तरी बाबा रात्री एकदा बांधावर जाऊन येतात.
आज मीही गेले, चपला हातात घेऊन.
खारफुटीत काहीतरी सटकलं.

"भरती कधी?" मी विचारलं,
आणि दिवसभरात पहिल्यांदा
त्या शब्दाला लगेच उत्तर आलं.
वर न बघताच ते म्हणाले,
"आज अष्टमी. पहाटे सहाला.
जोर नसेल फारसा."