धरा, सोडा

दिवसाला साठ-सत्तर माणसांना सांगतो मी,
हनुवटी वर, खांदे पुढे,
मोठा श्वास घ्या. धरा.
मग काचेमागून बटण.
मग, सोडा.
बावीस वर्षं हेच दोन शब्द
आणि दोन शब्दांच्या मधे माझी तल्लफ.

ऐरोलीतल्या आमच्या इस्पितळात
लॉन्ड्रीमागे कमरेएवढी भिंत आहे.
पलीकडे खाजण. ओहोटीला चिखलाचा वास
आणि त्यावर आमचा धूर.
तिथे डॉक्टर खोत दाजी म्हात्रेकडे काडी मागायचे.
आत, थिएटरच्या दारात,
त्याच दाजीला ते 'ए ट्रॉली' म्हणायचे.
फिलोमिना सिस्टर नुसतीच उभी राहायची,
म्हणायची, मला वास पुरतो.

फेब्रुवारीत नोटीस लागली.
दर मंगळवारी चार वाजता, तिसरा मजला,
कर्मचाऱ्यांसाठी व्यसनमुक्ती वर्ग, सक्ती नाही.
खाली कुणीतरी पेनाने खरडलं, वडे आहेत का?
होते.

टिपणीस बाई सव्वीसची असेल,
माझ्या मुलीहून दोनच वर्षं मोठी.
एकदाही तिने फुप्फुसाचं चित्र दाखवलं नाही.
बरं वाटलं. ती चित्रं मीच काढतो.
तिने विचारलं, दिवसातली कुठली सोडणं सगळ्यात जड जाईल?
दाजी म्हणाला, शवागारात पोचवून आल्यानंतरची.
मग थोडा वेळ कुणी वड्याला हात लावला नाही.
झाडूवाल्या सुलभाने हळूच विचारलं,
मिशरी धरता का यात?
धरतो की, बाई म्हणाली.
सुलभाने वहीत नाव लिहिलं, आडनाव नाही.

मग ते यंत्र. मोबाइलएवढं, पुढे पुठ्ठ्याची नळी.
मोठा श्वास घ्या गावंड, धरा,
मी पंधरापर्यंत मोजते.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी मला सांगत होतं.
नवाला छातीत मांजर ओरबाडायला लागलं.
अकराला बाबा आठवले,
तुर्भ्याच्या खाणीवरून येऊन
उंबऱ्याबाहेर सदरा झटकणारे, खोकणारे.
पंधराला ती म्हणाली, सोडा.
पडद्यावर आकडा, एकवीस.

सोडा.
किती गुळगुळीत केलाय मी हा शब्द वापरून वापरून.

पुढच्या मंगळवारी सोळा. मग नऊ.
मग एकदम अठरा,
कारण आदल्या रात्री रबाळ्याच्या कंपनीतले
भाजलेले चौघे आले होते.
बाईने आकडा लिहून घेतला, रागावली नाही.
म्हणाली, कसे आहेत ते चौघे?
दोघे, मी म्हणालो.

भिंतीशी अजून जातो आम्ही.
दाजी खिशातून फुटाणे काढतो,
हाताला तेवढंच काम.
एखाद्या दिवशी तो पंपाच्या खोलीमागून येतो
आणि लांबच उभा राहतो.
आम्ही विचारत नाही.
फिलोमिना म्हणते, आता नुसता चिखलच येतो गं बाई नाकात.

डॉक्टर खोत मंगळवारी कधीच आले नाहीत.
काल रात्री अडीचला आले, माझ्या खोलीत.
ऍप्रन काढला, पाकीट टेबलावर ठेवलं,
म्हणाले, छातीचा एक काढ.
नाव काय घालू?
थांबले.
दाजी म्हात्रे घाल.
म्हणजे नाव ठाऊक होतं तर.
मी खोतच घातलं.

प्लेट गार असते. तेही दचकले, सगळ्यांसारखे.
हनुवटी वर, खांदे पुढे,
मोठा श्वास घ्या. धरा.
बटण दाबून झालं
तरी काचेमागे उभा राहिलो,
मनात मोजत.
नवाला त्यांची पाठ हलली.
सोडा, मी म्हणालो, डॉक्टर, सोडा.

चित्र हळूहळू उमटत गेलं.
टेबलावरचं पाकीट त्यांनी उचललं की नाही
मी पाहिलं नाही.