न्हाणीतला हिशेब

साखळीच्या बाजारात, फार्मसीच्या काउंटरवर
वेदिताने शाम्पूच्या पुड्या चाळल्या
आणि विचारलं, मावशी,
आठवड्यातून किती वेळा धुवायचे केस?

पुडीमागे लिहिलेलं नसतं.
मी काय सांगणार, माझा हिशेब वेगळा.

नऊ वर्षं वजनकाट्यावर बसले.
खिडकीच्या उंचीला ट्रकचं चाक.
भरलेला किती, रिकामा किती,
वजाबाकी करून पावती फाडायची.
पावतीवर हात फिरला की
आकडे लाल.

घरी गेले की आधी न्हाणी. रोज.
सोमवार, एकादशी, काही पाळलं नाही.
सासूबाई म्हणायच्या, सर्दी मुरेल डोक्यात.
एकदा माझी वेणी सोडायला बसल्या
आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या.
दुसऱ्या दिवसापासून चुलीवर
एक हंडा जास्तीचा.

पहिलं पाणी विटकरी,
दुसरं सोलकढीच्या रंगाचं,
तिसऱ्याला मोरीचा तळ दिसायचा.
सात तारखेचा पगार
त्या तीन पाण्यांतूनच यायचा.

मग खाण बंद झाली.
आठवड्याभरात पहिलंच पाणी नितळ.
मी तरी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं,
कुणाची तरी वाट बघितल्यासारखी.
गुणाजीचा ट्रक अंगणात उभा.
बोनेटवर कारल्याचा वेल चढला.
बँकेची माणसं आली, पानं बाजूला सारून
नंबर लिहून घेऊन गेली.
जाताना चार कारली मागून नेली.

आणि आरशात, कानाच्या वर,
पांढरे केस. कधीपासूनचे कोण जाणे,
इतकी वर्षं धुळीचाच कलप.

आता दोनदा पुरतं, बुधवार-शनिवार.
जास्वंदीची पानं कुस्करते, वेळ असतो.
छाती मोकळी वाटते. हात मोकळे.
घरातला डबा पण.

हे सगळं काउंटरवर कसं सांगायचं?
मागे एक रिक्षावाला
प्रेशरच्या गोळ्यांसाठी ताटकळलेला.

तुझं घर रस्त्याला लागूनच ना गं, मी विचारलं,
वेळग्याच्या वळणावर?
ती हो म्हणाली.
एकच पुडी तोडत होती, दातांनी.

तोडू नको, म्हटलं, माळच घेऊन जा.
काल काट्याची खोली रंगवत होते.