शीतकेंद्रावर

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
दुर्पता मसराम जुन्या लुगड्याच्या धडप्यानं
छतावरचे आरसे पुसते,
त्यात तोंड न पाहता.
डोळे दिपतात.

खाली कॅन धुवायला कढत पाणी,
फॅट मोजायच्या मशीनला करंट,
आणि टाकीतलं दूध चार अंशांवर.

"ऊन तपवते, हे समजते.
थंड कसं करते जी?"
इंजिनिअरनं फरशीवर खडूनं नळ्या काढल्या,
बाण, अमोनिया, वाफ, पुन्हा बाण.
ती म्हणाली, "म्हंजे माठावानीच.
घाम सुटला का गार."
त्यानं खडू खाली ठेवला.

उन्हाला शिव्या घालणं तिनं सोडलेलं नाही.
आर्वीच्या रस्त्यावर चप्पल डांबराला चिकटली
की देतेच दोन.
फक्त आता हळू आवाजात,
संध्याकाळचं दूध यायचं असतं अजून.